न मागता आलेलं

गावातल्या दुकानात काय विकलं जाणार नाही, हे राळेगणसिद्धीनं एकदा स्वतः ठरवलं होतं. आधी दारूच्या भट्ट्या गेल्या. मग विडी, सिगारेट, तंबाखू गेली. दुकानांतला साठा गोळा करून होळीत टाकला गेला. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी संत यादवबाबांच्या मंदिरापासून सुरू केलेलं काम महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण ते आठवताना आपण पाणी, बंधारे आणि हिरव्या टेकड्यांवरच थांबतो. पारनेर तालुक्यातल्या या दुष्काळी गावानं पाणी अडवलं ते नशाबंदी, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीच्या आधारावर. या तिन्ही बंदींत गावानं एकत्र बसून काही गोष्टींना नकार दिला होता. आपल्या दारात कोण काय आणून ठेवतो यावर आपलं नियंत्रण असलं पाहिजे, एवढी साधी समज त्यामागे होती.

ती समज आता संगणकाकडे वळवायला हवी, असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे.

ग्रामपंचायतीसाठी, सेवा सोसायटीसाठी, शाळेसाठी किंवा बारावी झालेल्या मुलीसाठी नवा संगणक आणला जातो. खोका उघडतो, वायरी जोडल्या जातात, मशीन सुरू होतं. स्टार्टचं बटण दाबलं की आपण न मागितलेल्या गोष्टी रांगेनं उभ्या असतात. महिनाभर फुकट चालून नंतर पैसे मागणारा अँटिव्हायरस. गाण्यांचं, सिनेमांचं, गप्पांचं एकेक ॲप, त्यातली काही नुसती चित्रं आणि दाबल्यावर उतरून घेणारी. एखादा खेळ. संगणक बनवणाऱ्या कंपनीची दोन-तीन ‘मदतनीस’ दालनं, ज्यांचं काम नोंदणी करा, वॉरंटी वाढवा, अमुक विकत घ्या एवढंच सांगण्याचं. कोपऱ्यातून दर थोड्या वेळानं काहीतरी वर येतं.

आता त्याच मशीनवर गावात काय काम होणार आहे ते पाहा. दाखले, जन्म-मृत्यूची नोंद, नमुना ८ चा उतारा, सातबारा, शेतकऱ्याचा पीकविम्याचा अर्ज, स्कॅन करून चढवायची कागदपत्रं, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची डिजिटल सही. त्यासाठी लागतं ते एवढंच: एक ब्राउझर, मराठीत टाइप करायची सोय, प्रिंटर-स्कॅनर चालवणारी फाइल, सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर, पीडीएफ उघडणारा एखादा प्रोग्रॅम. ब्राउझर आणि त्यातच उघडणारी पीडीएफ सोडली तर यातलं बरंचसं खोक्यातून तयार येत नाही. ते संगणक परिचालकानं चालू करायचं किंवा पेनड्राइव्हवरून टाकायचं असतं. न लागणारं मात्र सगळं तयार.

ही उफराटी व्यवस्था आजची नाही, आणि मराठी माणसानं तिचा सर्वांत कडू अनुभव घेतला तो विंडोज एक्सपीच्या काळात. एक्सपी २००१ साली आली. तिच्यात देवनागरीची सोय होती. ‘मंगल’ हा फाँट तर त्याच्या आधीच, विंडोज २००० पासून मिळत होता. तो घडवला प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणारे जोशी सर संगणकावर भारतीय लिप्या उभ्या राहाव्यात म्हणून मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करत होते. जगातल्या कोट्यवधी संगणकांवर देवनागरी पहिल्यांदा दिसली ती मोठ्या अंशी याच फाँटमुळे. आधीपासून भरून आलेली गोष्ट किती मोलाची असू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

पण एक्सपीच्या इंग्रजी आवृत्तीत ही सोय झोपवून ठेवलेली होती. ती जागी करायला कंट्रोल पॅनेलमधल्या प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन ‘गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा’ अशा अर्थाच्या चौकोनात खूण करावी लागे. खूण केली की मशीन विंडोजची सीडी मागे. तालुक्याच्या गावी असेम्बल करून घेतलेल्या, कुणीतरी ‘विंडोज टाकून’ दिलेल्या मशीनच्या मालकाकडे ती सीडी कुठून असणार? तिथंच काम अडे. पडद्यावर मराठीच्या जागी चौकोन दिसत, काना-वेलांट्या सुट्या पडत. मग लोक पुन्हा आपापल्या खासगी फाँटकडे वळले: कुणी श्रीलिपी, कुणी सी-डॅकच्या आयएसएममधला योगेश. या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर गेला की इंग्रजी अक्षरांचा भुगा. महाराष्ट्रातली कित्येक कार्यालयीन कागदपत्रं आजही त्या भुग्यात अडकलेली आहेत. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ नंतर, ही सोय आपोआप चालू येऊ लागली. आणि त्याच वर्षांत विकत घेतलेल्या नव्या लॅपटॉपवर ट्रायल प्रोग्रॅमांची गर्दी मात्र भरभरून येत होती. त्यासाठी कुणाकडे सीडी मागितली जात नव्हती.

असं का होतं, याचं उत्तर पैशात आहे. संगणक बनवण्याच्या धंद्यात नफा फार पातळ असतो. एका मशीनवर सुटणारी रक्कम लहान, स्पर्धा तीव्र. अशा वेळी पडद्यावरची जागा हाच विकायचा माल होतो. अँटिव्हायरस कंपनी, खेळाची कंपनी, शोधयंत्र चालवणारी कंपनी प्रत्येक मशीनमागे किंवा प्रत्येक नूतनीकरणामागे संगणक बनवणाऱ्याला पैसे देते. ग्राहकानं मशीनचे पैसे दिले, आणि त्याच मशीनच्या पडद्याची जागा दुसऱ्याला परस्पर विकली गेली, असा हा दुहेरी व्यवहार आहे. ते पैसे किती महत्त्वाचे असतात हे मार्च २००८ मध्ये उघड झालं. सोनी कंपनीनं काही लॅपटॉपवर ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचा पर्याय ठेवला: हे जादा प्रोग्रॅम नको असतील तर ४९.९९ डॉलर जादा द्या. लोक भडकले आणि कंपनीनं लगेच ते शुल्क मागे घेतलं. पुढे खुद्द मायक्रोसॉफ्टनं अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत ‘सिग्नेचर’ नावानं स्वच्छ मशीनं विकली, आणि २०१२ साली तर ग्राहकाचं स्वतःचं मशीन ९९ डॉलरमध्ये साफ करून देण्याची सेवाही ठेवली. घाण काढायचे पैसे मिळू शकतात, याचा अर्थ घाण घालायचेही मिळत असणार.

इथपर्यंत हा केवळ त्रासाचा आणि मंद मशीनचा प्रश्न वाटतो. २०१५ नं तो सुरक्षेचा केला.

लेनोवो कंपनीच्या सप्टेंबर २०१४ पासून विकल्या गेलेल्या काही ग्राहक लॅपटॉपवर सुपरफिश या कंपनीचा ‘व्हिज्युअल डिस्कव्हरी’ नावाचा प्रोग्रॅम भरलेला होता. तुम्ही ब्राउझरमध्ये वस्तू पाहत असाल तर तो तिच्यासारख्या वस्तूंच्या जाहिराती मध्येच घुसवायचा. बँकेच्या किंवा खरेदीच्या कुलूपबंद संकेतस्थळांवरही जाहिरात घुसवता यावी म्हणून त्यानं संगणकात स्वतःचं एक मूळ प्रमाणपत्र बसवलं. म्हणजे बँक आणि तुम्ही यांच्यामध्ये तो उभा राहिला आणि ‘मीच बँक आहे’ असं तुमच्या ब्राउझरला सांगू लागला. त्यातली भयंकर गोष्ट अशी की सगळ्या लॅपटॉपवर किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या सुरक्षातज्ज्ञानं तिचा पासवर्ड शोधून जाहीर केला. त्यानंतर कुठल्याही सार्वजनिक वायफायवर बसलेला हुशार चोर त्या लॅपटॉपच्या मालकाचा बँकव्यवहार वाचू शकत होता. अमेरिकी सरकारला लोकांसाठी इशारा काढावा लागला. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं आणि ३२ राज्यांनी कंपनीशी तडजोड केली. कंपनीनं राज्यांना ३५ लाख डॉलर द्यायचे ठरले आणि तिच्यावर वीस वर्षं सुरक्षेचा कार्यक्रम चालवण्याची अट पडली.

नको ते काढायचं तर आपल्याकडे ‘फॉरमॅट मारा’ हा रामबाण सांगितला जातो. २०१५ च्याच ऑगस्टमध्ये कळलं की तोही पुरेसा नाही. विंडोज ८ पासून अशी एक सोय आहे की संगणकाच्या मदरबोर्डवरच्या मूळ चिपमध्ये ठेवलेला प्रोग्रॅम विंडोज सुरू होताना आपोआप घेते. ती होती चोरीला गेलेल्या मशीनचा माग काढण्यासारख्या कामासाठी. लेनोवोनं तिचा उपयोग आपला ‘सर्व्हिस इंजिन’ हा प्रोग्रॅम टिकवण्यासाठी केला. डिस्क पुसून कोरी विंडोज टाकली तरी तो परत येई. टीका झाल्यावर कंपनीनं तो काढण्याची सोय दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेल कंपनीच्या संगणकांवरही सगळीकडे एकच किल्ली असलेलं प्रमाणपत्र सापडलं आणि तिला माफी मागावी लागली. ही उदाहरणं मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण गावच्या मशीनवर सातशे-आठशे लोकांची आधार कागदपत्रं, बँकेची पासबुकं आणि ग्रामपंचायतीची डिजिटल सही रोज फिरत असते. त्या मशीनमध्ये आणखी कोण बसलं आहे हे कळणं ही चैन नव्हे.

आता दुसरी बाजू: माणसं प्रोग्रॅम उघडतात कशी?

मायक्रोसॉफ्टनं हा प्रश्न एकेकाळी फार मन लावून अभ्यासला होता. विंडोज ३.१ मध्ये ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ असायचा. खिडकीत खिडकी, तिच्यात आणखी चित्रं. विंडोज ९५ तयार होत असताना नवख्या माणसांना समोर बसवून चाचण्या घेतल्या गेल्या. त्या कामावर केंट सलिव्हन यांनी १९९६ साली लिहिलेला निबंध आजही वाचण्यासारखा आहे. नवख्यांना डबल क्लिक जमत नाही, उघडलेली खिडकी दुसरीच्या मागे गेली की ती हरवली असं वाटतं, आणि मुळात सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही, असं त्या चाचण्यांत दिसलं. म्हणून खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण आलं आणि त्यावर लिहिलं गेलं ‘स्टार्ट’. २४ ऑगस्ट १९९५ ला ते जगापुढे आलं. न जाणणाऱ्या माणसाकडे पाहून केलेली ती रचना होती, आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे.

महाराष्ट्राच्या एका पिढीनं संगणक शिकला तो त्या बटणापासून. २००१ साली राज्य सरकारच्या पुढाकारानं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांत पोहोचला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्यानं शिक्षक, तलाठी, लिपिक, नोकरीच्या आशेवरची मुलं-मुली सगळे त्या वर्गांत बसले. स्टार्ट, मग प्रोग्रॅम्स, मग ॲक्सेसरीज, मग पेंट: ही वाट तोंडपाठ झाली. कागदावर उत्तर लिहायचं तर बाण काढून लिहायची.

मग ती वाटच बदलली. ऑक्टोबर २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं की व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ वर लोक स्टार्ट मेनू ११ टक्के कमी उघडतात, टास्कबारवर खोचलेली चित्रं जास्त वापरतात. ही आकडेवारी स्वेच्छेनं माहिती पाठवणाऱ्या संगणकांवरून आलेली होती. तिच्या आधारे २०१२ च्या विंडोज ८ मधून ते बटणच काढलं गेलं. वर्षभरात ८.१ मध्ये बटण परतलं, पण मेनू नाही. मेनू परतला तो २०१५ च्या विंडोज १० मध्ये, आणि येताना सरकत्या रंगीत फरश्या आणि ‘कँडी क्रश सागा’ घेऊन आला. ॲक्सेसरीज कुठेतरी खाली, इंग्रजी डब्ल्यू अक्षराखाली गेल्या. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये बटण मधोमध सरकलं आणि ॲक्सेसरीज हा कप्पाच उरला नाही. एप्रिल २०२४ पासून तर मेनूच्या शिफारशींच्या भागात दुकानातल्या ॲपच्या जाहिराती दिसू लागल्या. त्या बंद करता येतात, पण मुळात त्या चालू होऊन येतात.

स्टार्ट मेनू हा पत्ता सांगणारा फलक होता. आता त्या फलकावर जाहिराती लागल्या आहेत. याला लोकांनी दिलेलं उत्तर कुठल्याही सरकारी कार्यालयात पाहायला मिळतं. डेस्कटॉप पूर्ण भरलेला. प्रत्येक संकेतस्थळाचा शॉर्टकट, प्रत्येक फॉर्मची फाइल, ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, साहेबांच्या नावाचं एक फोल्डर, सगळं समोर. सॉफ्टवेअर करणारी शहरी मंडळी या दृश्याला नावं ठेवतात. मला त्यात शहाणपण दिसतं. मेनू दर काही वर्षांनी बदलतो, डेस्कटॉपवर आपण ठेवलेलं चित्र मात्र ठेवलेल्या जागी राहतं. परिचालक सुट्टीवर असेल तर शिपाईसुद्धा वरून तिसरं, डावीकडून दुसरं चित्र दोनदा दाबून काम सुरू करू शकतो.

यावर जाणकारांचा सल्ला असतो: चित्रं कशाला शोधता, विंडोजची कळ दाबा आणि प्रोग्रॅमचं नाव टाइप करा. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही रीत खरोखर वेगवान आहे. मराठीत दिवसभर टाइप करणाऱ्याचं काय होतं? दाखला लिहिताना कळफलक इनस्क्रिप्ट मराठीवर असतो. तशातच विंडोजची कळ दाबून पेंट शोधायला पी, ए, आय, एन, टी या कळा दाबल्या तर शोधपट्टीत उमटतं ‘जोगलू’. कॅल्क्युलेटरसाठी सी, ए, एल, सी दाबलं तर ‘मोतम’. प्रोग्रॅम सापडत नाही, आणि विंडोज तो शब्द बिंग या शोधयंत्रावर शोधायला इंटरनेटकडे पाठवते. आधी भाषा बदला, मग शोधा, मग पुन्हा भाषा बदला. दिवसातून असं कितीदा करणार? म्हणून चित्रच बरं. प्रोग्रॅम उघडण्याच्या सगळ्या नव्या रीती इंग्रजी कळफलकावर बसलेल्या माणसाला गृहीत धरून केलेल्या आहेत, आणि हे कुणी बोलून दाखवत नाही.

खेड्यातल्या संगणकाला मुळात किती प्रोग्रॅम लागतात, याचा एक जुना आणि पक्का पुरावा महाराष्ट्रात आहे. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवर वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांचा तो एकत्रित प्रयत्न होता. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं तो उभारला. गावोगाव संगणक केंद्रं आली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण, सरकारी योजना असं पुष्कळ काही त्यावरून मिळावं असं स्वप्न होतं. प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रावर येत ते मुख्यतः उसासाठी: किती टन गेला, खत किती उचललं, खात्यावर काय जमा झालं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्याच बंगळुरूच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी तिथं जाऊन हे पाहिलं आणि सात गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. ‘वारणा अनवायर्ड’ या नावानं ते काम प्रसिद्ध झालं. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा हे त्याचे लेखक. याचा अर्थ संगणक नको असा मी घेत नाही. गरजेकडे आधी पाहिलं की मशीनवरचा केवढा पसारा गळून पडतो, हे त्या सात गावांत दिसलं.

आणि तो पसारा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. विंडोज १० मध्ये दुकानातली ॲप आपोआप उतरवण्याचा प्रकार बंद करायची एक धोरण-कळ होती. २०१६ च्या वर्धापन आवृत्तीपासून ती फक्त एंटरप्राइज आणि शिक्षणसंस्थांच्या आवृत्तीत चालू राहिली. ‘प्रो’ घेतलेल्यालाही ती मिळेना. हजारो मशीनं घेणाऱ्या बँकेला स्वच्छ पडदा, आणि एक मशीन घेणाऱ्या सोसायटीला कँडी क्रश.

युरोपनं या बाबतीत जे केलं त्याकडे महाराष्ट्रातल्या माणसानं विशेष कुतूहलानं पाहावं. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजसोबत आधीच भरून येतो, म्हणून बाकीच्यांना संधी राहत नाही, या तक्रारीवर मार्च २०१० पासून युरोपातल्या विंडोजवर एक निवड-पडदा आला. अनेक ब्राउझरांची नावं, त्यांचा क्रम दर वेळी वेगळा, तुम्ही निवडा. विंडोज ७ च्या एका सुधारणेत तो पडदा गायब झाला, सुमारे दीड कोटी लोकांना तो दिसला नाही, आणि मार्च २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. आपल्याकडच्या बायकांना हे प्रकरण समजावून सांगावं लागणार नाही. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर गुप्त मतदान होतं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आडवीला मत दिलं की दुकान जातं. दुकान आधी आलं, पण विचारलं गेलं आणि विचारण्याला कायद्याचा आधार होता.

पुढे युरोपनं डिजिटल बाजारांचा कायदा केला. मार्च २०२४ पासून तिथल्या विंडोजवर एज हा ब्राउझर काढून टाकता येतो, स्टार्टमधला बिंगचा शोधही काढता येतो. संगणक पहिल्यांदा सुरू करताना कुठला देश निवडला यावर हे ठरतं. विंडोज तीच. पॅरिसच्या माणसाला ते बटण आहे, पारनेरच्या माणसाला नाही.

भारतात मोबाइलच्या बाबतीत काही हालचाल झाली. अँड्रॉइडबरोबर आपली ॲप बांधून देण्याच्या प्रकरणात स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ ला गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २९ मार्च २०२३ ला अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण आधीच भरलेली ॲप वापरणाऱ्याला काढू द्या, हा आयोगाचा निर्देश मात्र रद्द केला. सामान्य माणसाच्या हाती जे पडणार होतं तेच गेलं. आणि २०२५ च्या नोव्हेंबरअखेर खुद्द दूरसंचार विभागानं प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच भरून द्या असा आदेश काढला. हेतू फसवणूक रोखण्याचा होता. तरीही देशभरातून विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. आपल्या लोकांना हा प्रश्न कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ते चार-पाच दिवस आठवावेत. डेस्कटॉपबद्दल असा आवाज अजून उठलेला नाही.

सगळ्यांनी मिळून काय भरायचं हे ठरवता येतं, याचा नमुना केरळमध्ये आहे. तिथल्या सरकारी शाळांनी दोन दशकांपूर्वी मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. २०१९ साली त्यांच्या ‘काइट’ संस्थेनं दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती काढली. परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचतात असा त्या सरकारचा दावा होता. पैशांइतकीच मोठी गोष्ट ही की त्या संगणकांवरही प्रोग्रॅम आधीच भरलेले असतात, पण ते पाठ्यपुस्तक पाहून शिक्षकांनी निवडलेले: भूमितीचा, नकाशाचा, चित्रांचा, मल्याळम टाइप करण्याचा. आपल्या सी-डॅकनं २००७ पासून ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स दिली आहे, आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये मराठीतून मुक्त सॉफ्टवेअरचे धडे आहेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुन्या मशीनवर चढत नाही, तेव्हा शाळांच्या खोल्यांतली चालती मशीनं भंगारात घालण्याआधी या दोन गोष्टींचा विचार व्हायला हवा. सरकारी संकेतस्थळं आणि सहीचे डोंगल लिनक्सवर नीट चालतील याची जबाबदारी मात्र सरकारनं घेतली पाहिजे. ती परिचालकाच्या डोक्यावर टाकून चालणार नाही. २०११ च्या ‘संग्राम’ या ग्रामपंचायत संगणकीकरणाच्या प्रकल्पापासून आजच्या ‘आपले सरकार’ केंद्रांपर्यंत हा परिचालक तुटपुंज्या मानधनावर सगळा गाडा ओढतो आहे.

विंडोजच ठेवायची असेल तरी बरंच हातात आहे. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’खाली बसवलेल्यांची यादी असते, तिथून नको ते एकेक काढता येतं. ट्रायलचा अँटिव्हायरस काढताना घाबरू नये. तो असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला थांबलेला असतो, तो गेला की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात मशीन सुरू होताना कोण कोण जागं होतं ते दिसतं, तिथंच त्यांना बंद करता येतं. पण हे सगळं खरेदीनंतरचं झालं, आणि दर नव्या मशीनला ते पुन्हा करायचं.

खरी जागा खरेदीच्या आदेशात आहे. माहितीच्या अधिकाराचा लढा राळेगणच्या माणसानं लढला. २००३ मध्ये आझाद मैदानावरच्या उपोषणानंतर राज्याचा कायदा प्रत्यक्षात आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून हा अधिकार देशाला मिळाला. दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या ग्रामपंचायतीनं, शाळेनं संगणक घेताना काय अटी घातल्या होत्या ते तीस दिवसांत कळू शकतं. रॅम किती, डिस्क किती, पडदा किती इंचाचा, हे त्यात असेल. त्यावर आधीच कोणते प्रोग्रॅम असतील आणि कोणते नसतील याबद्दल काही लिहिलं आहे का, ते पाहावं. नसेल तर पुढच्या खरेदीआधी ग्रामसभेत ठराव घ्यावा: मशीन ट्रायल आणि जाहिरातींचे प्रोग्रॅम काढून मिळावं, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू करून मिळावा, प्रिंटर, स्कॅनर आणि सहीचा डोंगल जोडून दाखवावा, मूळ स्थितीत परत नेण्याची सोय लेखी द्यावी. मशीन आलं की परिचालकाला त्याच्यासमोर बसवावं आणि दुकानातून आलेल्या माणसाच्या देखत एक दाखला मराठीत टाइप करून, सही करून, छापून पाहावा. मध्ये काही विकायला वर आलं तर ते त्याच्याकडूनच काढून घ्यावं, आणि मग बिलावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं सही करावी.